आकडेवाली पुस्तकं बाजूला ठेवणाऱ्या रद्दीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, किती किलो?" म्हणून वजनकाट्याकडे वळता. म्हणून हे इथे, चारचौघांत लिहितेय. तुमचा मुलगा तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेलच.

मी तुमच्याकडे इंग्रजी पुस्तकं शोधायला यायला लागले तेव्हा 'विमेन्स मर्डर क्लब' ही खुनांच्या तपासाची मालिका, तिचा लेखक जेम्स पॅटरसन, असली नावं तुमच्यापुढे घेऊन काही उपयोग नव्हता. पण या मालिकेची एक सोय आहे. प्रत्येक पुस्तकाच्या नावातच त्याचा नंबर असतो. पहिलं २००१ साली आलं, पंचविसावं २०२५ साली. मी एक नमुना दाखवला, तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि म्हणालात, "आकडेवाली होय? ठेवतो."

आणि खरंच ठेवलीत! गोरेगावातल्या कुठल्या कुठल्या सोसायट्यांची रद्दी तुमच्याकडे येते. त्यातून एकेक आकडा निवडून, पुठ्ठ्याचा तुकडा लावून, सुतळीने बांधून, वर खडूने 'आकडेवाली ताई' लिहून. माझं नाव तुम्ही आजतागायत विचारलेलं नाही. एकदा त्या गठ्ठ्यात दहावीचा '२१ अपेक्षित' प्रश्नसंच निघाला. मी एकविसावं मागितलं होतं, तेव्हा तक्रारीला जागाच नव्हती.

ओळीने मिळाली याचं मोल किती, ते आता सांगते. यातली केस त्या त्या पुस्तकात बहुतेक मिटते, पण बायकांचं आयुष्य पुढे चालू राहतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चौघी: लिंडसे बॉक्सर पोलिसांत इन्स्पेक्टर, क्लेअर शवविच्छेदन करणारी डॉक्टर, सिंडी पेपरात बातमीदार, जिल सरकारी वकील. (ज्यांना वाचायची आहेत त्यांनी पुढची तीन वाक्यं सोडा.) तिसऱ्या पुस्तकात जिल मारली जाते, आणि तिच्या जागी पुढे युकी नावाची वकील येते. कुणी सहावं आधी हातात दिलं असतं तर युकी मला नुसतीच एक वकीलबाई वाटली असती. तिसरं वाचून झाल्यामुळे ती त्या टेबलाशी बसली की मला जिल आठवायची, आणि तिच्यावर उगाचच राग यायचा.

टेबल म्हणजे सूझीज नावाच्या हॉटेलातलं. तिथे या जमतात, खातात-पितात, आणि जे कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायला आठवडा लागेल ते बोलण्यात समोर येतं. मृतदेहावरून डॉक्टरला काय दिसलं, बातमीदाराच्या कानावर काय आलं, कोर्टात काय टिकेल. बातमीदारासमोर पोलिसाने इतकं मोकळं बोलावं का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. लिंडसेलाही पडतो, म्हणून 'हे छापायचं नाही हं' असली तंबी अधूनमधून असते. खुनी मात्र कधी कधी फारच अचाट असतात. तिथे मी भराभर पानं उलटते. प्रकरणं दोन-तीन पानांची, त्यामुळे लोकलमध्ये अंधेरीला गर्दीचा लोंढा आत आला तरी कुठे थांबलो ते विसरत नाही.

दुसरे आभार माझ्या सासूबाईंकडून. त्यांनी तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार पारायणं केल्यासारखा वाचलेला. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून संध्याकाळी भाजी निवडताना मी त्यांना पुढचं सांगते. नावं त्यांनी कधीच लक्षात ठेवली नाहीत. डॉक्टरीण, पेपरवाली, वकीलीण, आणि लिंडसे म्हणजे 'ती कुत्रीवाली', कारण तिच्याकडे मार्था नावाची बॉर्डर कॉली आहे. मध्ये बरेच दिवस तुमच्याकडे एकही आकडा आला नाही, तर "रद्दीवाल्याला फोन कर की," म्हणून माझ्यामागे लागल्या. खुनी कोण ते त्या माझ्याआधी ओळखतात, आणि मी गप्प बसले की "बघ, तोच ना?" म्हणून मेथीची जुडी आपटतात.

निम्म्या किमतीत परत घेता म्हणालात, पण पहिली तीन मी देणार नाही. चौथं ते नववं शनिवारी आणून टाकते. आमच्या डब्यातली एक मुलगी सुरुवात करतेय, ती येईल तेव्हा तिलाही ओळीनेच द्या. तेरावं अजून मिळालेलं नाही. कव्हर फाटलं असलं तरी चालेल, शेवटची पानं तेवढी असू द्या.

तुमची,
आकडेवाली ताई