डॉक्टरांसमोर "बरं शे" म्हणणं आता पुरे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गुडघेदुखी, कंबरदुखीवर डॉक्टरांचे लेख येत असतात, कोणता व्यायाम करा, काय खा, काय टाळा हे सगळं वाचायला मिळतं आणि ते चांगलंच आहे, पण दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर आपलं दुखणं सांगायचं कसं यावर कोणी लिहीत नाही. मला तर वाटतं अर्धा घोळ तिथंच होतो. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारं माणूस डॉक्टरांसमोर बसलं की एक तर म्हणतं "बरं शे", म्हणजे बरं आहे, नाहीतर म्हणतं "लय दुखून राहिलं, काहीच सहन होत नाही", आणि दोन्ही वेळा डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. मग तीच गोळी परत, तीच सुई परत.

मी यावल तालुक्यातली, केळीच्या पट्ट्यातली. मला स्वतःला रुमॅटॉइड संधिवात, म्हणजे सांधे सुजवणारा वात आहे, त्यामुळे दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आजूबाजूच्यांचं ऐकणं खूप झालंय. बाहेर बाकड्यावर जी बाई शेजारणीला सगळं सांगते, रात्री कूस बदलता येत नाही, उठायला खाटेचा आधार लागतो, नातवाला उचलता येत नाही म्हणून जीव तुटतो, तीच बाई आत गेली की दोन मिनिटांत "थोडं दुखतं, गोळ्या लिहून द्या" म्हणून बाहेर येते. आपल्याकडे सहन करणं हा मोठा गुण मानतात ना. डोक्यावर केळीचा घड घेऊन बागेतून गाडीपर्यंत खेपा करणारा माणूस, दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई, यांनी दुखतं म्हटलं की कामाला टाळतो असंच ऐकू येतं, मग सवयच लागते न सांगण्याची. त्यात दवाखान्यात जायचं म्हणून चांगलं लुगडं नेसून, वेणीफणी करून, ताठ बसलेली बाई बघून डॉक्टरांनाही वाटतं की हिचं ठीक चाललंय. आणि म्हातारं माणूस असलं तर प्रश्न आप्पांना आणि उत्तर मुलाचं, "काही नाही डॉक्टर, वयानुसार आहे." आप्पा गप्प. मुलगा वाईट नसतो, त्याला खरंच माहीत नसतं, कारण आप्पांनी घरीसुद्धा सांगितलेलं नसतं.

आमच्या सासूबाईंना नागीण झाली होती, बरगडीच्या एका बाजूला. फोड वाळले, खपल्या पडल्या, सगळे म्हणाले चला नागीण बरी झाली, पण त्यांची आग काही गेली नाही. रात्री पोलकं काढून बसायच्या कारण कापड नुसतं लागलं तरी भाजल्यासारखं व्हायचं, पंख्याचा वारासुद्धा सोसवायचा नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं की "बरं शे भाऊ, थोडंसं दुखस." थोडंसं म्हटल्यावर डॉक्टर साधी पेनकिलरच देणार. एकदा माझी नणंद सोबत गेली आणि तिने सरळ सांगून टाकलं की माय रात्री अंगावर कपडा ठेवत नाही, झोपत नाही. तेव्हा डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेऊन आधी चांगल्या बाजूला फिरवला, मग दुखऱ्या बाजूला, त्या दचकून मागे सरल्या. हे नसेचं दुखणं आहे म्हणाले, नागीण गेली तरी नस दुखावलेली राहते, साध्या पेनकिलरने याला फारसा फरक पडत नाही. गोळी बदलली, डोस हळूहळू वाढवला. सगळं गेलं नाही, पण त्या झोपायला लागल्या. एवढे महिने जे अडलं होतं ते एका वाक्याने सुटलं, आणि ते वाक्य "खूप दुखतं" हे नव्हतं, कपडा लागला की भाजतं हे होतं.

म्हणून माझं सांगणं आहे की दुखणं किती यापेक्षा ते कसं आहे, कधी असतं आणि त्याने काय थांबलं ते सांगा. माझंच बघा, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, हालचाल केली की हळूहळू सुटतं, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, कारण सकाळचं इतका वेळ टिकणारं आखडलेपण सुजेच्या वाताकडे बोट दाखवतं, आणि दिवसभर काम करून संध्याकाळी वाढणारं, बसल्यावर कमी होणारं दुखणं बहुतेक वेळा झिजेचं असतं. दोन्ही सांधेदुखीच, पण औषधं पार वेगळी. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी चमक जाते, हे नसेकडे जातं. चालताना पोटरीत गोळे येतात आणि उभं राहिलं की जातात, हे तंबाखू-बिडी ओढणाऱ्या माणसाने तर जरूर सांगावं, कारण ते पायाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं. आणि कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पायातला जोर गेला तर लाजायचं नाही आणि पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

काय थांबलं हे सांगायला आपल्याकडे शब्दांची कमी नाही. आमच्याकडे कानबाई देवीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला खापरावर मांडे होतात. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत वाढवायचा असतो, खांदा, कोपर, मनगट सगळं लागतं त्याला. एखादी बाई डॉक्टरांना म्हणाली की मागच्या वर्षी मी दहा-पंधरा मांडे करत होते, यंदा दुसऱ्यालाच हात खाली आला, तर त्यात सगळं आलं. केळीवाल्याने सांगावं घड खांद्यावर घेता येतो का, कुणीतरी उचलून द्यावा लागतो. एसटीची पायरी चढता येते का, संडासला उकिडवं बसता येतं का, रात्री किती वेळा जाग येते. हे रिपोर्टमध्ये कुठंच दिसत नाही, ते आपणच सांगायचं असतं.

आता आकड्याबद्दल. हल्ली बरेच डॉक्टर विचारतात शून्य ते दहामध्ये किती दुखतं, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं मनातसुद्धा आणता येत नाही. काही लोक दरवेळी दहाच सांगतात. मी त्यांना दोष देत नाही, सकाळच्या एसटीने येऊन दुपारपर्यंत नंबर लागत नाही, वाटतं मोठा आकडा सांगितला तरच लक्ष देतील. पण त्यात आपलंच नुकसान आहे. खरं दुखणं सात असेल आणि गोळीने पाचवर आलं तर साधारण दोन आकड्यांचा उतार डॉक्टर कामाचा फरक धरतात, म्हणजे औषध लागू पडतंय, पण तुम्ही आधीही दहा आणि आताही दहा सांगितलं तर तो फरक दिसणार कसा, चांगलं चाललेलं औषध बंद होईल नाहीतर उगाच वाढेल. उलटंही होतं, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून "फरक आहे" म्हणायचं आणि घरी येऊन कण्हत बसायचं. नुसता आत्ताचा आकडाही सांगू नका, गेल्या आठवड्यात जास्तीत जास्त किती होतं आणि रोजचं साधारण किती असतं तेही सांगा. २००९ पासून डॉक्टर लोकांत तीन प्रश्नांची एक छोटी पद्धत आहे, गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्याने जगण्यातला आनंद किती गेला, आणि रोजच्या कामात किती अडथळा आला, तिन्हीला शून्य ते दहा. आपल्या ओपीडीत हे एक-दोन मिनिटांत होण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट लपवली जाते ती म्हणजे आपण आधी काय काय खाल्लंय. मेडिकलवरून मागून आणलेल्या गोळ्या, गावातल्या कुणाची सुई, बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या. अशा काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तर त्या जादूसारख्या लागू पडतात, आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते सांभाळणार कसं? डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या एकाच जातीच्या आहेत, वेगवेगळ्या नावाने दोन दोन घेतल्या तर पोटात व्रण आणि किडनीवर ताण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हात काम करून अंगातलं पाणी आटलेलं, त्यावर या गोळ्या, आणि बीपीची किंवा जास्त लघवी होण्याची गोळी चालू असेल तर किडनीला धोका आणखी वाढतो. डॉक्टर रागावतील तर रागावू द्या, रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा आणि टेबलावर ठेवा.

हे झालं आपल्या बाजूचं, पण डॉक्टर मंडळींनाही हात जोडून सांगायचंय. जुनं दुखणं असलेला माणूस समोर कण्हत नाही, त्याची नाडी, बीपी वाढलेलं दिसत नाही, शरीर सवय करून घेतं, तो मोबाईलवर बोलत बसलेला असला तरी त्याला दुखत असतं. आणि रिपोर्ट चांगला आहे म्हणून दुखणं खोटं नसतं. २०१५ साली आलेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन बघितले तर विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्याच्या चकत्या झिजलेल्या होत्या, म्हणजे नुसत्या फोटोवरून दुखणं ठरत नाही, ना या बाजूने ना त्या बाजूने. वेदनेचा अभ्यास करणारी जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा त्यासोबत हेही लिहिलं की माणूस दुखतं म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवा, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला दुखत नाही असं समजू नका. बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्याला "पाळीचं असतंच" म्हणून घरी पाठवतात, एंडोमेट्रिऑसिससारखा, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणारा आजार ओळखायला कित्येक वर्षं जातात ती त्यामुळेही.

सगळ्यात जास्त मला नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांचं वाटतं. धडगाव, अक्कलकुवा, इकडे आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यातही हा आजार आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडात, पाठीत, पोटात असा ठणका उठतो की भल्याभल्यांना सोसवणार नाही, पण वरून ना जखम ना सूज. पंधरा दिवसांत परत आलेल्या पोराला "नाटक करतो", "सुईची सवय लागली" असं ऐकावं लागतं. ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक २०१८ पासून नशाविरोधी कायद्याखाली आलंय, डॉक्टर जपून लिहितात ते समजू शकते, पण जपून लिहिणं आणि विश्वासच न ठेवणं यात फरक आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, तपासणी होतेय, कार्ड मिळतंय, चांगलं आहे. ज्याच्या हातात सिकलसेलच्या आजाराचं कार्ड आहे त्याने दुखतं म्हटलं की आधी वेदना कमी करा, प्रश्न नंतर विचारा.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे. शिकणाऱ्या मुलांना केसपेपरवर "दुखण्यामुळे काय बंद झालं" ही एक ओळ लिहायची सवय लावली, आणि म्हाताऱ्या माणसाशी दोन मिनिटं मुला-सुनेला बाहेर बसवून बोलायची, तर त्याला कुठलं बजेट लागत नाही.

तुम्हालाही विनंती, आरोग्याच्या पानावर एकदा दुखणं कसं, कधी, किती आणि त्याने काय थांबलं हे प्रश्न मोठ्या अक्षरात चौकटीत छापा, कापून केसपेपरच्या पिशवीत ठेवता येतील असे. अहिराणीत, लेवा बोलीत आणि पावरीतही छापले तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरचं पोरगं वाचून दाखवेल आणि दवाखान्यात जाण्याआधीच उत्तरं ठरलेली असतील.

आपली,
एक वाचक
ता. यावल, जि. जळगाव