गच्चीची किल्ली हवी आहे

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

दिनांक : 6 जुलै 2025

विषय : दर गुरुवारची धूरफवारणी थांबवून साठलेले पाणी तपासण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी ए विंगमध्ये दोघांना डेंग्यू झाला, त्यानंतर आपण काळजीपोटीच ही फवारणी सुरू केलीत, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र लिहावे लागते आहे.

परवाच्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता फवारणीवाले आले. आधी सूचना नव्हती. खाली खेळणारी मुले धुरामागे धावली. आमच्या खिडक्या उघड्या होत्या. माझ्या यजमानांना दमा आहे. त्या रात्री दोनदा नेब्युलायझर लावावा लागला.

शुक्रवारी सकाळी लिफ्टचा मेकॅनिक आला होता, म्हणून गच्ची उघडी मिळाली. वर रंगकामाचे दोन डबे आणि निळी ताडपत्री पडली आहे. डबे पावसाच्या पाण्याने भरलेले, ताडपत्रीच्या घड्यांतही पाणी, आणि सगळीकडे अळ्या वळवळत होत्या. थोडे पाणी मी बाटलीत भरले, तोंडाला फडके बांधून ती ऑफिसच्या टेबलावर ठेवली आहे. कृपया बघा आणि मुलांनाही दाखवा.

डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून केलेला हा धूर फक्त उडणाऱ्या डासाला मारतो. पाण्यातल्या अळीला त्याने काही होत नाही. शिवाय डेंग्यूचा एडिस डास चावतो दिवसा, आणि दबा धरून बसतो घरात, पलंगाखाली, पडद्यामागे. आवारातला धूर तिथे पोहोचत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगते ते याच हिशेबाने.

मात्र पाणी नुसते ओतून भागत नाही, ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला. ती चिकटून बसतात, कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून बादली, पिंप, कुंडीखालची ताटली घासूनच काढायला हवी. मनीप्लांटच्या बाटल्या आणि फ्रिजमागचा ट्रेसुद्धा. घरातले हे काम ज्याचे त्याने करायचे. पण व्हॉट्सॲपवरच्या संदेशांच्या गर्दीत ते हरवते. आपण स्वतः सभेत सांगितलेत तर लोक ऐकतील.

सोसायटीच्या जागांना मात्र वाली नाही. बी विंगच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आहे. तिथे कुणी जळके ऑइल टाकायला सांगितले तर ऐकू नका, पंपाने उपसून घ्या. वरच्या टाकीचे एक झाकण तुटले आहे. शहरातला मलेरियाचा डास अशाच टाक्यांत वाढतो. झाकण नवे बसवा, पण पिण्याच्या पाण्यात स्वतःहून कुठलेही औषध टाकू नका, ते आरोग्य कर्मचाऱ्यांनीच मोजून टाकायचे असते. सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपांना जाळी बांधा. परदेशी असलेल्या सभासदांचे चार फ्लॅट बंद आहेत. तिथल्या कमोडमध्ये आणि फ्लशच्या टाकीत काय चालले आहे, कुणालाच ठाऊक नाही. किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना आठवड्याला एकदा फ्लश करायला सांगता येईल.

फवारणी कधीच नको, असे माझे म्हणणे नाही. रुग्ण सापडला तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवू, ते सांगतील तेव्हा आणि तशी करू. आदल्या दिवशी सूचना लावा, मुले आत असू देत.

फवारणीचे पैसे वाचतील त्यातून आधी वॉचमनच्या केबिनला जाळी आणि एक पंखा द्या. मामा रात्रभर त्या बंद खोलीत कॉइल लावून बसतात. तो धूर त्यांच्याच छातीत जातो, आणि आपल्यापैकी कुणीही कधी त्यांची विचारपूस केलेली नाही. मीही नाही.

येत्या रविवारी, 13 तारखेला, सकाळी दहा वाजता मी, सी विंगमधल्या दोघी जणी आणि सात-आठ मुले घासण्या व टॉर्च घेऊन गच्ची आणि पार्किंग तपासणार आहोत. त्यासाठी शनिवारी संध्याकाळपर्यंत गच्चीची किल्ली मिळावी, ही विनंती.

आपली,
बी विंगमधील एक सभासद