बंड्याचा गेम पाठवतोय, बाकी इकडे सगळं ठीक

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

पत्र लांबलंय, बंड्या वाचून दाखवेल. आधी तब्येतीचं, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. मी एकदम बरा आहे. वरणभात होतो रोज, मेतकूट अजून शिल्लक आहे, जाड जाकीट घेतलंय, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर वाळलेला दिसतोस असं सारखं म्हणू नकोस, खोलीतला दिवाच तसा आहे. आणि बाबा, तुम्ही विचारलंत की तिकडे जाऊन गेम खेळत बसतो का, तर नाही. कॉलेज आणि नोकरी, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर कामही करता येत नाही, पण ते २० तास पूर्ण भरतात. गेमचं जे केलं ते बंड्याच्या कामासाठी केलं, ते पण शनिवारी, जिना झाडून झाल्यावर.

जिन्याचं सांगायलाच हवं. इथे जर्मनीत, स्टुटगार्टला केअरवोखे म्हणजे झाडलोटीचा आठवडा म्हणून प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाला आठवड्याची पाळी असते. दोरीला बांधलेली एक छोटी पाटी असते, ज्याची पाळी त्याच्या दाराला ती लटकते, आणि आठवडा संपला की आपण ती पुढच्याच्या दाराला अडकवायची. मग जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा. ही छोटी पाळी. मोठी आली की फूटपाथ, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, सगळं. जिना आरशासारखा चकचकीत असला तरी झाडायचा हां, घाण आहे का नाही हा प्रश्नच नाही! याचं मूळ म्हणे १४९२ सालच्या इथल्या काउंटच्या हुकुमात आहे, आणि शहराने १९८८ मध्ये सक्ती काढून टाकली तरी भाड्याच्या करारात ते लिहिलेलं असतंच. आई, तू म्हणायचीस ना की हा उष्टं ताट उचलत नाही, आता खालच्या मजल्यावरच्या आजी मला बघून मान डोलावतात. त्यांनीच सांगितलं की शनिवारीच उरकायचं, रविवारी खडखडाट चालत नाही. रविवारी दुकानंही बंद, म्हणून बंड्याच्या कामासाठी मेमरी कार्ड लॅपटॉपला जोडायचा कार्ड रीडर शनिवारीच धावत जाऊन आणला.

आता बंड्या, हे तुझ्यासाठी, नीट वाच.

माझ्याकडे असलेला तुझा गेम खेळायचा कन्सोल कुरिअरने पाठवू का बघितलं, पण आत लिथियमची बॅटरी, त्यात कस्टम, रस्त्यात अडकला तर तुझा सगळा गेम त्याच्याबरोबर अडकणार. म्हणून फक्त सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आलाय त्याची फाईल पाठवतोय, मेलला झिप जोडलीय. गेमची फाईल तुझ्या कॉम्प्युटरवर आहेच. पोकेमॉन एमराल्डचं सेव्ह अवघं १२८ केबी असतं, इतके महिने तू आणि आप्पा बसलात ते सगळं तेवढ्यात मावतं.

मी काय केलं ते सांगतो म्हणजे पुढे तुला स्वतःला करता येईल. सेव्ह दोन प्रकारचं असतं. एक गेमच्या आतलं, स्टार्ट दाबून सेव्ह करतो ते, आणि दुसरं इम्युलेटरचं, म्हणजे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, सेव्ह स्टेट, जे तू सारखं वापरायचास. स्टेट म्हणजे त्या क्षणाचा मेमरीचा जसाच्या तसा फोटो, तो ज्या इम्युलेटरने काढला त्यालाच वाचता येतो, कन्सोलवरच्या रेट्रोआर्चचा स्टेट तुझ्या कॉम्प्युटरवरच्या एमजीबीएमध्ये चालत नाही. तुझं शेवटचं खेळणं सगळं स्टेटमध्येच होतं. म्हणून आधी कन्सोलवर तो स्टेट उघडला, मग गेमच्या आत जाऊन सेव्ह केलं, आणि रेट्रोआर्चमधून गेम नीट बंद केला. हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याचदा गेम बंद केल्यावरच ते सेव्ह कार्डावर लिहिलं जातं, तसंच बटण दाबून धरून मशीन बंद केलं तर जुनंच राहतं.

मग मशीन बंद करून त्यातलं मेमरी कार्ड काढलं आणि रीडरमधून लॅपटॉपला लावलं. इथे विंडोजने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का. कधी असं आलं तर कॅन्सल दाबायचं, दुसरं काहीही दाबायचं नाही! कार्डाचा एक भाग लिनक्सचा असतो, तो विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते असं विचारतं, कार्ड खराब झालेलं नसतं. दुसऱ्या भागात सेव्ह्ज नावाचा फोल्डर होता, त्यात एसआरएम शेपटीची फाईल. ती कॉपी केली, शेपटी बदलून एसएव्ही केली, बस. विंडोज शेपट्या लपवून ठेवतं, व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक कर, नाहीतर नावाला दोन शेपट्या लागतात आणि मग गेमला सेव्ह दिसतच नाही. फाईलचं नाव गेमच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेव.

मी माझ्या लॅपटॉपवर उघडून बघितलं. कंटिन्यूच्या चौकटीत प्लेअर आप्पा, बॅजेस ७, आणि वेळ कन्सोलवर होती तेवढीच. आत पोकेमॉनमध्ये मिरची पहिल्या नंबरवर, मागे बगळा, आप्पांनी ठेवलेली नावं सगळी जशीच्या तशी. सूटोपोलिसची जिम, म्हणजे आठव्या बॅजची लढाई, मी खेळलो नाही, ती तुझी आहे. कन्सोलच्या घड्याळात तारीख पुढची होती, त्यामुळे कॉम्प्युटरची तारीख तिथवर पोचेपर्यंत गेममधली तुझी बेरीची झाडं काही दिवस वाढणार नाहीत, गेम बिघडलाय समजू नकोस. आणि एमजीबीएमध्ये त्याचाच एखादा जुना स्टेट उघडून पुन्हा सेव्ह केलंस तर नवीन सेव्हवर जुनं बसेल, म्हणून माझ्या फाईलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेव. मूळ कार्डाला मी हात लावत नाही.

एअरपोर्टवर तू गुपचूप हा कन्सोल माझ्या बॅगेत टाकलास ना, एकटं वाटलं तर खेळ म्हणून, मी तेव्हा काही बोललो नाही. खूप उपयोग झाला रे त्याचा. आता बाबांच्या गोळ्या, बँक, गॅस सगळं तूच बघतोस, बारावीच्या वर्षात. दिवसातला अर्धा तास तरी खेळत जा. बाबा, त्याला रागावू नका.

राहिलं पैशाचं. बाबा, लोनच्या व्याजाचे पैसे या महिन्यापासून मी पाठवतो, तुम्ही पेन्शनमधून काढू नका, ते तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवा. ताईच्या लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलीत तर मी कसंही करून येतो, फेब्रुवारीत गेली तर माझ्या परीक्षा आहेत, मग अवघड होईल, म्हणून गुरुजींना आताच विचारा आणि कळवा, तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. हॉलचा ॲडव्हान्स मी देणार हे ताईला सांगू नका, ती नको म्हणेल. आत्याने कराडचं स्थळ आणलंय ते मला कळलं, आई, मुलगी चांगलीच असेल, पण लोन डोक्यावर असताना मी कोणाला शब्द देणार नाही, आत्याला गोडीत सांग आणि पत्रिका देऊ नकोस अजून. आधी ताईचं होऊ दे.

मोठ्यांना नमस्कार, बंड्या फाईल मिळाली की लगेच मेसेज टाक.

तुमचा,
दादा