बी पेशी दोन्हीकडच्या आहेत

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील रक्ताच्या कर्करोगावरील लेख एरवी नेटका होता. मात्र जन्मजात (जंतूंच्या सर्वसाधारण खुणा ओळखणारी) आणि अर्जित (ठरावीक जंतू नेमके ओळखणारी) प्रतिकारशक्ती ही जणू दोन स्वतंत्र खाती असून बी पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा, संबंध फक्त दुसऱ्या खात्याशी येतो, असा समज त्यातून होतो. तो दुरुस्त व्हावा म्हणून हे पत्र.

बी पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रतिजन (प्रतिकारशक्ती जो ओळखते तो रेणू) ओळखणारा ग्राही, म्हणजे संकेत टिपणारे प्रथिन, असतो हे खरेच. पण त्याच पेशीत सूक्ष्मजीवांच्या सर्वसाधारण खुणा ओळखणारे टोल-सदृश ग्राहीही असतात. माणसाच्या बी पेशींत त्यांपैकी सातवा आणि नववा विशेष महत्त्वाचे आहेत. सातवा एकपदरी आरएनए ओळखतो, तर नववा मिथिल गट नसलेला सीपीजी (सायटोसिन-ग्वानिन या क्रमाचा) डीएनए. हे दोघेही पेशीच्या आत, एंडोसोममध्ये (बाहेरून ओढलेल्या वस्तू साठवणाऱ्या पिशवीत) असल्याने पृष्ठभागावरील ग्राहीने पकडून आत ओढलेला प्रतिजन तेथे पुन्हा पारखला जातो, आणि दोन्ही संकेत जुळले की पेशी जोमाने विभागू लागते. ही पारख चुकून स्वतःच्याच आरएनए-डीएनएवर घसरली, तर ल्युपससारखे, शरीराने स्वतःवरच हल्ला करण्याचे विकार बळावतात.

नेमकी हीच वाट कर्करोग वापरतो. या टोल-सदृश ग्राहींचा संकेत मायडी८८ या प्रथिनामार्फत पुढे जातो. त्यातील २६५व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन आले, की संसर्ग नसतानाही ही प्रथिने एकमेकांना चिकटून एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन चेतवत राहतात आणि पेशी मरायची थांबते. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा या बी पेशींच्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या सक्रिय बी पेशींसारख्या उपप्रकारात हे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) सुमारे २९ टक्के अर्बुदांत असल्याचे २०११ मध्ये दिसले. वाल्डेनस्ट्रॉम विकारात (बी पेशींच्या संथ वाढणाऱ्या एका कर्करोगात) तर ते ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत आढळते. बीटीके हे बी पेशीतील संकेत पुढे नेणारे विकर रोखणारे इब्रुटिनिब हे औषध याच विकारावर उपयोगी पडते, आणि हे उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णांत त्याचा प्रतिसाद क्षीण असतो; तेव्हा ही माहिती केवळ प्रयोगशाळेपुरती आहे, असे कोणी म्हणू नये.

सगळे बी पेशींचे कर्करोग मात्र एकसारखे वागत नाहीत. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या पेशींना प्रयोगशाळेत सीपीजी दिले असता काही रुग्णांच्या पेशी विभागू लागतात, तर काहींच्या त्याच संकेताने मरतात. लेखाशेजारच्या चौकटीत 'प्रतिकारशक्ती वाढवा' असा सरसकट सल्ला छापला होता; ज्या रुग्णाच्या बी पेशींत हा संकेत मुळातच अखंड चालू आहे, त्याने यातून नेमके काय वाढवायचे, हे आपल्या लेखकांनी पुढील लेखात स्पष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक