ठेव मोडण्याआधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

नातीच्या विद्यापीठाच्या खर्चासाठी मुदत ठेव मोडायचं तुमच्या मनात आहे, असं ताई म्हणाली. कृपा करून मोडू नका. मुदतीआधी काढली की व्याज घटतं, आणि तुमच्या औषधपाण्याचा आधार जातो. तिच्यापुढे कमवायची वर्षं आहेत, तुमच्यापुढे नाहीत.

मुलांची खरी ओढाताण सत्राच्या सुरुवातीला होते. शुल्क, खोलीची अनामत, पहिलं भाडं, पुस्तकं एकदम अंगावर येतात. शिष्यवृत्ती बरेचदा मागाहून जमा होते. मधले दोन-तीन महिने निभवायला मुलं मोबाइलवरून झटपट कर्ज काढतात. महिन्याला 3 टक्के थोडे वाटतात, पण वर्षाचे ते 36 होतात. तुमची मदत तिथे लावा. दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. शिष्यवृत्ती आली की तिने ती परत भरायची, म्हणजे पुढच्या सत्राला तोच पैसा कामी येईल. शुल्काचे हप्ते पाडून मिळतात का, हे तिला शेवटच्या तारखेआधी लेखी विचारू दे.

कर्ज घ्यावंच लागलं तर एक हिशेब बघा. शिकत असताना हप्ता नसला तरी बहुतेक कर्जांवर व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. दरवर्षी सुरुवातीला 1 लाख असे चार वर्षांत 4 लाख उचलले, दर 10 टक्के सरळव्याज, तर चौथ्या वर्षाअखेर व्याजच 1 लाख होतं. ते मुद्दलात मिळवलं की हप्ता 5 लाखांवर बसतो. बाबा, दरमहा काही द्यायचंच असेल तर हे व्याज भरा: पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे 833, चौथ्या वर्षी 3,333. जामीनदार म्हणून सही मात्र मला कागद दाखवल्याशिवाय करू नका.

आई, "पैसे पुरतात ना?" असं विचारू नकोस, उत्तर "हो"च येतं. भाडं आणि शुल्क टळत नाही, म्हणून मुलं आधी जेवणाला कात्री लावतात. दुपारी काय जेवलीस, भाडं कधी भरलंस, असं नेमकं विचार. अर्धवेळ काम करायला हरकत नाही, पण आठवड्याला दहा-बारा तासांवर नको, आणि परीक्षेआधी ते थांबलंच पाहिजे. गुण घसरले तर शिष्यवृत्तीच जाऊ शकते.

शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा अर्ज बहुतेक ठिकाणी दरवर्षी करावा लागतो आणि मुलं हमखास विसरतात. बाबा, ती तारीख तुमच्या वहीत लिहून ठेवा. तुमच्याइतकी चोख आठवण दुसरं कोणी करणार नाही.

तुमची लेक