अवरक्त लेझरची निविदा काढण्यापूर्वी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

धानाच्या बांधीतला मिथेन आणि युरिया टाकल्यावर उडून जाणारा अमोनिया मध्य-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लांब तरंगलांबीच्या) प्रकाशाने मोजू पाहणाऱ्या पूर्व विदर्भातील महाविद्यालयांसाठी हे पत्र. नुसता मिथेन मोजायचा तर एवढा खटाटोप नको, ३.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छोटा अर्धवाहक लेझर पुरतो. अनेक वायू एकाच यंत्रावर हवे असतील तरच तरंगलांबी बदलता येणाऱ्या अतिजलद फायबर लेझरकडे वळावे; त्याचा प्रकाश अतिशय छोट्या स्पंदांत, म्हणजे झटक्यांत येतो.

त्यात दोन वेगळ्या तरंगलांबींचे स्पंद स्फटिकात एकत्र आणून हवा तो प्रकाश बनवतात, पण त्यासाठी दोन स्वतंत्र लेझर मागवू नका. त्यांचे ठोके जुळवणारी यंत्रणा बिघडली की बाहेरून माणूस येईपर्यंत सगळे झाकून ठेवावे लागेल. १.५५ मायक्रॉनचा एकच एर्बियम लेझर घेऊन त्याचे स्पंद दोन शाखांत वाटावेत. एक शाखा वर्धकातून तशीच पुढे न्यावी. दुसरीतले स्पंद काही मीटर फायबरमधून जाताना रामन परिणामामुळे (काचेच्या रेणूंना थोडी ऊर्जा देऊन) लांब तरंगलांबीकडे सरकतात, आणि शक्ती वाढवाल तसे जास्त सरकतात. १.५५ आणि १.८२ मायक्रॉनचे स्पंद गॅलियम सेलेनाइडच्या स्फटिकात भेटले की वारंवारतांच्या फरकातून साधारण १०.४ मायक्रॉनचा, म्हणजे अमोनियाच्या कामाचा प्रकाश निघतो. मिथेनसाठी दुसरी शाखा १.०५५ मायक्रॉनला न्यावी (ही तरंगलांबी आखूड असल्याने रामन परिणामाने मिळत नाही, वेगळा फायबर लागतो) आणि लिथियम नायोबेटचा स्फटिक वापरावा. अमोनियाला तो चालत नाही, कारण पाच मायक्रॉनच्या पुढे तो अपारदर्शक होतो.

खरी अडचण वेळेची आहे. एक स्पंद साधारण १०० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) असतो आणि तेवढ्यात प्रकाश हवेत जेमतेम ०.०३ मिमी जातो; स्पंद तेवढ्यात भेटले नाहीत तर हाती काहीच लागत नाही. आणि दहा मीटर फायबर एका अंशाने तापला की प्रकाशाची वाट सुमारे ०.१ मिमीने लांबते! आपल्याकडच्या मे महिन्यात कूलरच्या खोलीत हे यंत्र चालणार नाही. दोन्ही शाखांच्या फायबरची लांबी शक्य तितकी सारखी ठेवून ते एकाच तापमान-नियंत्रित पेटीत गुंडाळावेत. शक्ती बदलून तरंगलांबी सरकवली की स्पंदाची पोहोचण्याची वेळही सरकते, म्हणून विलंब देणारा सरकता आरसा दर वेळी नव्याने जुळवावा लागतो. निविदेत तो मोटरवर चालणारा मागा.

काचेची भिंगे स्फटिकातून निघणारा मध्य-अवरक्त प्रकाश अडवतात. झिंक सेलेनाइडची घ्यावीत. गॅलियम सेलेनाइड मऊ असतो, त्याचे थर सुटतात, तेव्हा तो पुसायला जाऊ नये. प्रकाश टिपणाऱ्या शोधकाला (डिटेक्टरला) थंड ठेवायला द्रव नायट्रोजन लागेल, पण त्याची काळजी नको: जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो ग्रामीण भागात येतोच. पशुसंवर्धन खात्याशी आधीच बोलून ठेवावे.

आपले,
प्रकाशशास्त्राचे दोन शिक्षक, जि. गोंदिया