म्हादई आपल्या हद्दीतही जपायला हवी

संपादक महोदय,

म्हादई नदीचा विषय निघाला की चर्चा कळसा-भांडुऱ्यापाशीच, म्हणजे तिचे पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या प्रकल्पापाशीच अडते. ते साहजिक आहे. 2018 च्या निवाड्यात म्हादई जलतंटा लवादाने मलप्रभा नदीकडे वळवण्यासाठी 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिले. त्याविरुद्ध गोवा ज्या कायद्यावर बोट ठेवतो, त्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 29 सांगते की अभयारण्यात येणारा वा तिथून बाहेर जाणारा प्रवाह परवान्याशिवाय वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. हे कलम फक्त शेजाऱ्यासाठी नाही. म्हादई अभयारण्याला व्याघ्र प्रकल्प करावे की नाही, हा वाद न्यायालयात चालू राहो. अभयारण्य म्हणून ते 1999 पासून अधिसूचित आहेच.

पावसाळा सरला की वसंत बंधाऱ्यांना, म्हणजे नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यांच्या खांबांमधल्या गाळ्यांना, पाणी अडवायला फळ्या घालतात. बागायतीला पाणी हवे, त्यात वावगे काही नाही. खोट आहे ती घालण्याच्या रीतीत. सगळे गाळे एकदम तळापासून बंद केले की बंधारा भरेपर्यंत खालची धार तुटते. खडकाळ उथळ पात्र उघडे पडते, मासे मोजक्या कोंडींत अडकतात, आणि मग मासे मारायला जिलेटीनची स्फोटके किंवा ब्लीचिंग पावडर घेऊन येणाऱ्यांचे फावते. त्या पावडरीने पिल्ले मरतात, खेकडेही मरतात. आणि लहान नखांचे पाणमांजर मुख्यतः खेकड्यांवरच जगते. उपाय बिनखर्चाचा आहे. गाळे टप्प्याटप्प्याने बंद करावेत आणि एका गाळ्यात तळाशी वीतभर फट कायम ठेवावी. मे महिन्यात फळ्या काढायला उशीर झाला तर पहिल्या पुरातले ओंडके त्यांना अडतात आणि नदी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापते.

काठ कापला की संरक्षक भिंतीची मागणी येते. भिंतीलगत पाण्याचा वेग वाढतो आणि पुढचे वळण ढासळते. त्याऐवजी शेरणी राहू द्यावी. पात्रातल्या दगडगोट्यांत मुळे रोवणारे हे झुडूप पुरात आडवे होते, पाणी ओसरले की पुन्हा उभे राहते. मागे वाळुंज, करंज, उंबर असले तर काठ टिकतो. काजूसाठी हा पट्टा साफ करणे म्हणजे स्वतःचीच जमीन नदीत सोडणे.

पावसाळी राफ्टिंगबद्दलही थोडे. उस्ते परिसरातली ही सफर सुमारे 10 किलोमीटरची. इथे आकाश कोरडे असले तरी चोर्ला घाटात सर कोसळली की पाणी चढते. ते गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला की तराफा सोडू नये. लाइफ जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढले असता हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर पट्टे सैल आहेत. पाण्यात पडल्यास उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय खडकांत अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवावेत. पडलेल्या झाडाच्या फांद्या टाळाव्यात. त्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो. बंधाऱ्याखालचे फेसाळ पाणी तर वरून सौम्य दिसते, पण माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढते.

पुलाच्या खांबांवर पाण्याची पातळी दाखवणारी ठळक रंगवलेली पट्टी आणि तिच्यावर लाल रेघ असावी. रेघेवर पाणी गेले की त्या दिवशी सफर बंद, मग पर्यटक कितीही दुरून आलेले असोत. फळ्या कधी घातल्या, कधी काढल्या, याची नोंद जलस्रोत खात्याने पंचायतीच्या फलकावर लावावी.

— नदीकाठचे काही वाचक, वाळपई-सत्तरी